आतल्या खोलीतली रेंज

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'रेंजवाले' म्हणते. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण? दंतवैद्याच्या जिन्याखाली सहा फुटी काचेचं काउंटर, आत जुने फोन ओळीने निजवलेले, आणि मागे स्टुलावर आमचे हे, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत बसलेले. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मी कितीदा म्हटलं, अहो, दुकान थाटलंय की लोकांची शिकवणी घ्यायला बसलाय? तर म्हणतात, "चुकीचा फोन गळ्यात मारण्यापेक्षा माणूस तसाच गेलेला बरा." घ्या! असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

त्यांची विकायची रीतच जगावेगळी. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, चांगला फोन दाखवा. हे फोन दाखवतच नाहीत. जुन्या पावतीची कोरी बाजू पुढे सरकवतात, पेन्सिल देतात आणि म्हणतात, "घराचा नकाशा काढा." लोक बावचळतात. फोन घ्यायला आलोय की घर विकायला? पण हे हटत नाहीत. खिडक्या कुठल्या अंगाला, भिंती विटांच्या की काँक्रीटच्या, सिम कुठल्या कंपनीचं, आणि दिवसातला जास्त वेळ तुम्ही जिथे असता तिथे एक फुली मारा. मग कुठे चष्मा नाकावर येतो आणि वही उघडते.

त्या वहीत काय असतं हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय की झोपेतही सांगेन. प्रत्येक कंपनीचा टॉवर तीन-चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर बोलतो, त्यांना बँड म्हणायचं. आखूड लहरींचा बँड वेगवान, पण भिंत आली की हात टेकतो. लांब लहरींचा बँड सावकाश, पण दोन-तीन भिंती ओलांडून घरात शिरतो. आणि प्रत्येक फोनला प्रत्येक बँड ऐकू येतोच असं नाही. एकाच नावाचा, एकाच रंगाचा फोन, पण दुसऱ्या देशात विकायला बनवलेला असला तर त्याला नेमका इथला लांबवाला बँड ऐकूच येत नाही. मग तो कितीही भारी असो, स्वयंपाकघरात गेला की मुका.

एकदा एक बाई आल्या. जावयाने परदेशातून पाठवलेला फोन, पेटीसकट. म्हणाल्या, फक्त सिम घालून द्या. ह्यांनी पाठीवरचा बारीक नंबर भिंगातून वाचला, वहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा तुमच्या घरी फक्त गच्चीवर चालेल." बाई लालबुंद झाल्या. "माझ्या जावयाने पाठवलाय!" "जावई चांगलेच असणार हो," हे म्हणाले, "फोनला बँड नाही." त्या बाईंनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. माझा काय संबंध? पुढे एकदा गुपचूप येऊन साधा फोन घेऊन गेल्या. जावयाचा फोन आता कपाटात असतो, जावई आले की बाहेर निघतो.

हे सगळं डोक्यात आलं कुठून, तर नोकरीतून. अठरा वर्षं हे एका मोबाइल कंपनीच्या जीपमधून हिंडले. समोरच्या काचेपाशी चार फोन बसवलेले, मांडीवर लॅपटॉप. ड्रायव्हर बैलगाडीसारखी जीप हाकणार आणि हे बघणार, कुठल्या वळणावर कुठला बँड सुटतो. रस्ता संपला की पायी. जिने, तळघरं, गोदामं, लिफ्टा. हात उंच धरून धरून उजवा खांदा कायमचा गेला. मग एक दिवस कंपनीला कळलं की हे मोजमाप आता लोकांचे फोन आपसूकच करतात, त्याला माणूस लागत नाही. भिंतीवरचं एक घड्याळ आणि एक पत्र देऊन ह्यांना घरी पाठवलं.

त्यांच्याबरोबर सात खोके घरी आले. वायरी, अँटेना, मोडके लॅपटॉप, असलं सगळं. ते खोके आतल्या खोलीत गेले आणि त्या दिवसापासून ह्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिथलं काही हवं असलं तर मला सांगतात. मी कधी का म्हणून विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत आहे. तीच पुढे आमच्या अंगाशी आली.

माझ्या किडन्या गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास खुर्चीत पडून रक्त यंत्राला द्यायचं आणि धुऊन आलेलं परत घ्यायचं. दिवसाचं पाणी मापाच्या कपाने. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सुटली, बाजार सुटला, जिना चढताना बोलणं सुटलं. पण खरा जीव घेतो तो थकवा. यंत्रावरून आलं की अंगातलं सगळं कोणी काढून ठेवलंय असं वाटतं. हात उचलायचा कंटाळा, बोलायचा कंटाळा. इतकंच काय, उजेडाचासुद्धा कंटाळा येतो, आणि लोक म्हणतात, अहो, जरा उन्हात बसत जा, बरं वाटेल. त्यांचं काय जातं सांगायला!

ह्यांनी आपली किडनी द्यायची तयारी केली होती. डॉक्टरांनी ह्यांच्या रक्तातली साखर बघून नको म्हटलं. मग उरली हॉस्पिटलची यादी. कुठेतरी कोणी अनोळखी माणूस जातो, त्याच्या घरचे मोठ्या मनाने हो म्हणतात, रक्तगट जुळतो, आणि यादीवाल्या बाई फोन करतात. अर्ध्या तासात फोन उचलायचा, दोन तासांत हजर व्हायचं. पहिला नंबर लागला नाही तर दुसरा. तोही लागला नाही तर यादीतलं पुढचं नाव. त्यात त्यांची चूक नाही, ती किडनी काही माझी वाट बघत बसत नाही. थोडक्यात काय, तर माझा जीव एका घंटीवर टांगलेला.

फॉर्मवर दोन नंबर लिहायचे होते. मी एक माझा लिहिला आणि दुसरा ह्यांचा लिहायला गेले, तर ह्यांनी पेन धरलं. "माझा नको. मी निम्मा दिवस गिऱ्हाइकांच्या घरी, तळघरात रेंज तपासत असतो. नेमका तेव्हाच फोन आला तर?" मग माझ्याच फोनमध्ये दोन सिम घालायचं ठरलं, दोन वेगळ्या कंपन्यांची. एक कंपनी झोपली तर दुसरी जागी राहील. यादीवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या, वा, एवढा विचार कोणी करत नाही. आमच्या ह्यांची छाती दोन इंच फुगली. दोन्ही नंबर एकाच फोनवर नेऊन टाकण्याची चूक एखाद्या साध्या माणसाने केली नसती. त्याने सरळ स्वतःचा नंबर दिला असता आणि मोकळा झाला असता.

तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता. तो घरभर लागायचा. गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं की जुनं नेटवर्क बंद, आता नवा फोन घ्या. झालं! तीन रविवार आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. हे दुकानातून पिशवी भरून फोन आणायचे आणि खांदा दुखत असताना एकेक फोन उंच धरून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून झोपायच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. शेवटी दोन उरले. एक सगळे बँड ऐकणारा, पण विटेएवढा जड. दुसरा हलका, छोटासा. मी जन्माची डावरी, आणि यंत्राच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर केली आहे तीही डाव्याच हाताला. त्या हाताला वजन चालत नाही. मला हलका हवा होता.

"अगं, मी दुकानात गेलो की तू असतेस कुठे?" ह्यांनी विचारलं. "खरं सांग."

"इथेच," मी म्हटलं. "खिडकीपाशी. विणत असते."

"आणि पडतेस कुठे?"

"इथेच, दिवाणावर. जास्त नाही पडत मी आताशा."

"मग हलका चालेल. ह्याला लांबवाला बँड नाही, पण खिडकीतून दोन्ही कंपन्या भरपूर येतात. झोपायच्या खोलीतही येतात."

फोनवर रेंजच्या चार काड्या दिसत होत्या. मी मान डोलावली.

खोटं बोलले मी, चक्क खोटं. खिडकीपाशी मी संध्याकाळी साडेसहाला असायचे, फक्त. सकाळी ह्यांची पावलं जिन्याखाली गेली की मी आतल्या खोलीत जायचे. खोक्यांच्या मागे एक जुनी खाट आहे. तिथे खिडकी नाही, रस्ता ऐकू येत नाही, दार लोटलं की काळोख. यंत्राच्या दिवशी दुपारपासून आणि मधल्या दिवशी सकाळपासून मी तिथे पडलेली असायचे. सव्वासहाला उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, केस सारखे करायचे, आणि खिडकीपाशी मांडीवर विणकाम घेऊन बसायचं. ते विणकाम वर्षभर तेवढंच आहे, वीतभर. आमच्या ह्यांना टॉवरचा बँड एका नजरेत कळतो, पण विणकाम वाढलं की नाही ते कळत नाही, हे माझं नशीब.

का असं केलं म्हणाल, तर त्यांचा चेहरा. अठरा वर्षांची नोकरी गेलेला, दिवसभर जिन्याखाली बसून आलेला माणूस. दार उघडल्यावर त्याला बायको बसलेली दिसावी, आडवी पडलेली नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

आत गेलं की फोनच्या काड्या जातात, हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं. येईल-जाईल, म्हटलं. फोन बाहेर टेबलावर ठेवावा असंही मनात आलं. पण मग वाजला की उठून जायचं. कोण ना कोण कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणून दिवसातून दहादा वाजवणार. मला उठायचं नव्हतं हो. माझा जीव त्या घंटीवर होता हे कळत होतं, आणि तरी मला उठायचं नव्हतं.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी अकराला आत जाऊन पडले, फोन उशाशी, आणि चारपर्यंत मेल्यासारखी झोपले. बुधवारी यंत्रावर गेले तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. तिथे एक शिंपी असायचा, माझ्याच रक्तगटाचा. सुया टोचता टोचता सिस्टर म्हणाल्या, "मावशी, काल फोन का नाही उचललात?"

"कुठला फोन?"

"अहो, यादीवाल्या बाईंनी पाचदा लावला. दोन्ही नंबर. शेवटी पुढचं नाव घेतलं त्यांनी." आणि त्यांची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

चार तास मी त्या खुर्चीकडे बघत होते. शिंपी चांगला माणूस होता, माझ्या पिशवीचा तुटलेला बंद त्याने तिथेच बसल्या बसल्या शिवून दिला होता. मला त्याचा हेवा वाटला. राग आला त्याचा, खोटं कशाला सांगू? मग स्वतःचा आला. उजव्या हाताने फोन उघडून पाहिला तर जाहिरातींच्या ढिगात दोन ओळींचा मेसेज होता, अमुक नंबरवरून पाच कॉल. आदल्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीपाशी येऊन बसले तेव्हाच आलेला. मी मेसेज वाचत नाही, कंटाळा येतो.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, पण अर्धंच. फोन आला होता आणि लागला नाही, एवढं. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि खिडकीपाशी गेले. चार काड्या. आपल्या फोनवरून लावला, लगेच वाजला. दुसरा नंबर लावला, तोही वाजला. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, सगळीकडे वाजला.

"मग लागला कसा नाही?" ते म्हणाले. मला नाही, फोनलाच विचारलं.

गुरुवारी दुकान उघडलं नाही. सकाळपासून जुन्या सोबत्यांना फोन चालले होते, मंगळवारी टॉवर बंद होता का, कोणी काही बदललं का, लोड जास्त होता का. गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा गेले. जेवणाचं ताट तसंच राहिलं. अधूनमधून "माझ्याच घरात, माझ्याच घरात" असं पुटपुटत होते. मी खिडकीपाशी विणकाम घेऊन बसले होते. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त म्हणजे आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

शुक्रवारी मला यंत्रावर सोडून हे कंपनीच्या ऑफिसात गेले. परत आले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन. टॉवर मंगळवारी दिवसभर चालू होता. खुर्चीत बसले, चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "दुकान बंद करतो. ज्याला स्वतःच्या बायकोचा फोन नीट निवडता येत नाही, त्याने लोकांना काय सांगायचं?"

मला राहवलं नाही. "फोन चांगला आहे तुमचा," मी म्हटलं. "मी खिडकीपाशी नव्हते."

"मग कुठे होतीस?"

मी उठले. आतल्या खोलीचं दार ढकललं आणि म्हटलं, "या."

हे उंबऱ्यावर थांबले. खोक्यांकडे बघितलं, मग नजर खाली केली, आणि मग आले आत. मी दिवा लावला. खोक्यांच्या मागे ती खाट, त्यावर माझी चादर, खोलगट झालेली उशी, पाण्याचा मापाचा कप, मळमळलं तर असावी म्हणून खाली बादली. एका खोक्यावर माझ्या गोळ्या ओळीने मांडलेल्या. एखादं बिऱ्हाड असावं तसं सगळं.

ह्यांनी फोन बघितला. एकही काडी नव्हती. मग काय वाटलं कोण जाणे, चपला काढल्या आणि त्या खाटेवर आडवे झाले, माझ्या जागेवर, फोन उशाशी ठेवून.  मी खोक्याला टेकून उभी.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं. जास्तच."

"आणि मी यायच्या वेळेला?"

"सव्वासहाला उठते. तोंड धुऊन बसते."

"रोज?"

"रोज."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्यासारखंच होतं ते. माझ्या एका खोट्यापायी हातची किडनी गेली होती, आणि पुढची कधी, येईल की नाही, कोणाला ठाऊक? पण त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला.

"मला वाटायचं, तू सुधारते आहेस," ते म्हणाले. "दुकानात सगळ्यांना सांगायचो मी."

मी मटकन खाली बसले आणि मला रडू फुटलं. चार वर्षांत यंत्रापुढे रडले नव्हते ते सगळं त्या खोक्यांमध्ये बसून रडले. त्यांनी गप्प हो म्हटलं नाही. पडल्या पडल्या हात खाली सोडला, दुखऱ्या खांद्याचा, आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"उद्यापासून उठू नकोस," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी हे दुकानात जाऊन तो जड फोन घेऊन आले. खाटेच्या वरच्या भिंतीला खिळा ठोकला, त्याला कापडी पिशवी लावली, म्हणजे मला फोन उचलून धरायला नको. त्या अंधाऱ्या खोलीत तीन काड्या आल्या. माझ्या दोन सिमांपैकी दुसरं काढून टाकलं आणि हॉस्पिटलला फोन करून दुसरा नंबर आपला दिला. यादीवाल्या बाई म्हणाल्या, तुमचं नाव आहे यादीत, वाट बघा. बघतोच आहोत. मग हे दुकानात गेले आणि मी माझ्या जागी जाऊन पडले.

साडेसहाला कुलपात किल्ली फिरली. अंगाला सवय होती, पाय आपोआप खाली जायला लागले. मी ते वर घेतले, चादर ओढली आणि पडल्या पडल्याच हाक मारली, "इकडे आहे मी, आत."